चामोर्शीत जहाज

माणसाने आपल्या आवडीनिवडी चारचौघांत सांगू नयेत, हे शहाणपण मला पंचाहत्तरी गाठल्यावर आले. म्हणजे वरणभात आवडतो, लताबाई आवडतात, महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा आवडते, एवढे सांगायला कोणाची हरकत नसते. पण मी भर सभेत उभा राहून मला जॅझ आवडतो असे सांगून टाकले आणि तेव्हापासून गावात माझ्याकडे बघण्याची लोकांची नजर बदलली आहे.

झाले असे की, आमच्या चामोर्शीत कम्युनिटी रेडिओ काढावा असे एका संस्थेच्या मनात आले. संस्था बाहेरची, मन मोठे, जीप भाड्याची. शाळेच्या एका वर्गात सभा भरली. मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे मला बोलावणे होतेच. आमच्याकडे कुठलीही सभा निवृत्त शिक्षकाशिवाय सुरू होत नाही आणि त्याच्यामुळेच वेळेवर संपत नाही. संस्थेच्या साहेबांनी एकेकाला उभे करून विचारले, “तुम्ही रेडिओवर काय सादर कराल?” एकाने धानावरचा तुडतुडा घेतला. दुसऱ्याने खोडकिडा घेतला. बचतगटाच्या ताईंनी पापड घेतले. भजनी मंडळाने सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही घेतल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “आठवड्यातून एकदा, अर्धा तास, मी जॅझ लावीन.”

वर्गात शांतता पसरली. मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली.

“काय मनते गुरुजी? जहाज?”

“जहाज नाई रे, झांज. भजनातली.”

साहेब शहरचे. त्यांना शब्द कळला होता. पाहुण्यांच्या मुलाने ‘मी मोठेपणी इंजिन होणार’ म्हटल्यावर आपण जसे हसतो तसे ते हसले आणि म्हणाले, “गुरुजी, कल्पना छान आहे. पण आपला श्रोता ग्रामीण आहे. त्याला काहीतरी उपयुक्त द्यायला हवं, नाही का?”

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. जहाज आणि झांज मी मनावर घेतली नाही. घरात याहून वाईट ऐकायची सवय आहे. आमच्या सौभाग्यवती गेली पन्नास वर्षे या संगीताला ‘तुमचा तो जाच’ असेच म्हणतात. पण तो ‘उपयुक्त’ हा शब्द मात्र माशाच्या काट्यासारखा घशात अडकला. तो काढण्यासाठी हा लेख.

आधी हा रोग मला जडला कसा ते सांगतो. १९७४ साली मी चामोर्शीत मास्तर होतो. गडचिरोली जिल्हा तेव्हा जन्मायचा होता (तो १९८२ साली झाला), त्यामुळे आम्ही चांद्याचेच. वीज यायची ती पाहुण्यासारखी, जेवण होईपर्यंत थांबायची. करमणूक म्हणजे एक ट्रान्झिस्टर. पोस्टात जाऊन त्याचा परवाना भरायचा आणि आंब्याच्या झाडाला तांब्याची तार बांधून आकाशातून काय पडते ते झेलायचे. एका रात्री शॉर्टवेव्हवर सिलोन शोधता शोधता काटा घसरला आणि एक खर्जातला, सावकाश, एकेक शब्द ताटात वाढल्यासारखा बोलणारा आवाज आला. त्या गृहस्थाचे नाव विलिस कोनोव्हर. व्हॉईस ऑफ अमेरिकेवर १९५५ पासून तो जॅझचा कार्यक्रम करीत असे, आणि १९९६ साली वारला तोवर करीत राहिला. साऱ्या जगाला इंग्रजी समजावे म्हणून तो मुद्दाम हळू बोले. माझे इंग्रजी त्याच्याच वेगाचे असल्यामुळे आमचे जमले.

गंमत म्हणजे हा माणूस मॉस्कोत ठाऊक, वॉर्सात ठाऊक, चामोर्शीत (एका घरापुरता का होईना) ठाऊक. पण त्याच्या स्वतःच्या अमेरिकेत त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. व्हॉईस ऑफ अमेरिकेचे कार्यक्रम खुद्द अमेरिकेत प्रसारित करायचे नाहीत असा तिथला कायदाच होता. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण आपण केली. तिचा कायदा त्यांनी केला.

तर त्या कोनोव्हरने मला लुई आर्मस्ट्राँग ऐकवला, ड्यूक एलिंग्टन ऐकवला. खरखरीत, मधेच बुडी मारून पुन्हा वर येणारे ते सूर ऐकताना मला एक विचित्र शंका येई, की हे आपण आधी कुठेतरी ऐकले आहे. कुठे, ते कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. ते ओघात येईलच.

आता साहेबांच्या बाजूचे आक्षेप एकेक करून घेऊ. पहिला आक्षेप, हे संगीत परके आहे. मान्य. पण मग बटाटा, मिरची आणि भजनातली पेटी यांनाही आधी गावाबाहेर काढा, मग जॅझचे बघू. न्यू ऑर्लीन्समध्ये निघालेला हा प्रकार १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी नावाचा अमेरिकन बँडवाला घेऊन आला. तो शिकून घेतला गोव्याच्या पोरांनी. चर्चच्या शाळांत त्यांना व्हायोलिन आणि सुरावटीचे वाचन शिकवलेले असे. रात्री हॉटेलात वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. त्यांच्यातलाच हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईत त्याला चिक चॉकलेट म्हणत, आणि हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग असेही म्हणत. १९५१ सालच्या ‘अलबेला’त त्याचा ट्रम्पेट आहे. संगीत पुणतांब्याच्या चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, आणि त्यावर नाचणारे भगवानदादा जन्माने अमरावतीचे, म्हणजे आमच्या विदर्भाचे. त्या गाण्यांवर ज्यांनी वरातीत कमरेला हात लावून दोन पावले टाकली, त्या सर्वांनी जॅझवरच पावले टाकली. फक्त त्यांना कोणी सांगितले नाही, म्हणून ते सुखी राहिले.

दुसरा आक्षेप, हे उच्चभ्रूंचे संगीत आहे. या आक्षेपाला मात्र जॅझवाल्यांनीच खतपाणी घातले आहे. मुंबईत १९७८ साली रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरली. सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला त्यात वाजवून गेला. मी बातमी वाचली आणि नुसत्या ‘यात्रा’ या शब्दावर हुरळून गेलो. म्हटले, यात्रा म्हणजे आपलीच. जिलेबी असणार, पाळणे असणार. पुढे ते उघडे रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमापायी गप्प झाले आणि यात्रेकरू हळूहळू वातानुकूलित जागी जाऊन बसले. एकदा मुलाकडे शहरात गेलो असता मीही तशा एका ठिकाणी गेलो होतो. काळोख, थंडी आणि पाण्याच्या बाटलीची किंमत या तिन्ही गोष्टींनी मी गारठलो. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून मान हलवीत होते. मीही मान हलवली, तर त्यांनी एक डोळा उघडून ‘तुम्हाला काय कळतं?’ असे पाहिले. जॅझ रसिकाला दुसरा जॅझ रसिक फारसा खपत नाही. म्हणून या मंडळींचा वकील म्हणून मी उभा नाही, हे स्पष्ट करतो.

कारण ज्या गावात हे संगीत निघाले तिथे ते रस्त्यावर होते. न्यू ऑर्लीन्समध्ये मयतीला बँड असे. स्मशानाकडे जाताना धिमी चाल, परतताना उडती. आणि मागे अख्खी आळी नाचत. आर्मस्ट्राँग बारा-तेरा वर्षांचा नसेल तेव्हा नववर्षाच्या रात्री पिस्तूल उडवल्याबद्दल त्याला पोरांच्या सुधारगृहात टाकले, आणि तिथल्या बँडमध्ये तो कॉर्नेट शिकला. कॉर्नेट म्हणजे काय, असे शहरातला वाचक विचारील. चामोर्शीतले पोरगेही सांगेल, लग्नाच्या बँडमध्ये पुढे चालणाऱ्या मास्तरच्या हातात असते ते!

इथे मला माझ्या पन्नास वर्षांच्या शंकेचे उत्तर सापडले. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या गावात एक वरात होती. नवरदेवाच्या मामाचे जाकीट विसरले म्हणून मामा मोटरसायकलवरून परत गेला आणि वरात पाराजवळ खोळंबली. बँडमास्तरला एकच सिनेमातले गाणे फर्मावले होते. त्याने ते सुरू केले. मामा येईना. मास्तरने तेच गाणे पुन्हा घेतले, पण या खेपेला अंतऱ्याची शेपटी धरून कुठेतरी भलतीकडेच गेला. ढोलवाल्याने त्याच्याकडे पाहिले आणि ठोका अर्धा करून त्याला वाट करून दिली. क्लॅरिनेटवाल्याने प्रश्न विचारला, मास्तरने उत्तर दिले. नाचणारा एक म्हातारा खाली बसू लागला तर सूरही त्याच्याबरोबर खाली बसले, आणि तो उठला तेव्हा सगळा बँड त्याला उचलून घेऊन उठला. पाऊण तास एकच गाणे, आणि दोन वेळा एकसारखे नाही! मी अक्षताही विसरलो. मी हेच ऐकले होते. ट्रान्झिस्टर घेण्याच्या आधी, लहानपणी, दर उन्हाळ्यात, फुकट.

पुढच्या आठवड्यात मास्तरला घरी बोलावले. मोबाईलवर आर्मस्ट्राँगचे जुने रेकॉर्डिंग लावले आणि काही सांगितले नाही. मास्तरने चहा बशीत ओतला, तो तसाच ठेवला, आणि कान पुढे केला. संपल्यावर म्हणाला, “कोन होय जी हा?”

“अमेरिकेतला एक. वारला १९७१ साली.”

“वरातीतला मानूस होय जी.”

“कशावरून?”

“श्वास पाहा ना त्याचा. बसून वाजवनारा मानूस ओर संपली का श्वास घेते. हा चालता चालता घेते, पाय पडते त्या ठिकानी. हा रस्त्यावर शिकला, गुरुजी.”

मी कोनोव्हर वर्षानुवर्षे ऐकला. एवढे एका वाक्यात मला त्यानेही सांगितले नव्हते. आर्मस्ट्राँग तरुणपणी न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुकांत खरोखरच वाजवीत असे. मास्तरने हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते. मास्तरची शाळा चौथीत सुटली, हे मला ठाऊक आहे, कारण ती शाळा माझीच होती.

आणि हे एका बँडपुरते नाही. आमच्याकडची झाडीपट्टीची नाटके पाहा. धान निघाले की वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात. नाटक रात्री दहाला सुरू होते आणि कोंबडा आरवला की संपते. रंगमंचापुढे ऑर्गनवाला, तबलेवाला बसतात. नट वाक्य विसरला की ऑर्गनवाला एक करुण सूर धरून ठेवतो. लोकांना वाटते, काय हा अभिनय! प्रेक्षकांतून आरोळी आली की पद लांबते, पोरे पेंगू लागली की आखडते. आज रात्री काय घडेल हे कोणालाच ठाऊक नसते, वाजवणाऱ्याला तर मुळीच नाही. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला गुरनोलीचा पत्ता कळला. ऑर्गनवाल्यांचा पत्ता अजून कळायचा आहे.

मग आता अडचण काय, असे तुम्ही म्हणाल. अडचण डीजे नावाच्या ट्रकची आहे. त्याच्या भिंगऱ्या लागल्या की आमच्या कपाटातली कपबशी सरकते. त्याच्यावर मी वाटेल तितके तोंडसुख घेतले असते, पण मास्तरचाच मुलगा त्या ट्रकवर आहे. मी एकदा मास्तरजवळ कुरकुर केली, तर तो म्हणाला, “पोट आहे जी त्याले. माझ्या कारनेटवर एकाचं भरत नाई आता, दोघांचं कुठून भरंन?” गेल्या मोसमात मास्तरला तीन सुपाऱ्या आल्या, त्यातली एक गणपतीची. दोन साथीदार धानाच्या गिरणीवर लागले. कॉर्नेट खुंटीला. मी गप्प बसलो. पोटाला प्रत्युत्तर नसते.

पण डीजेबद्दल एवढे मात्र म्हणणारच, की त्याला खाली बसणारा म्हातारा दिसत नाही. त्याच्यात जे भरले आहे तेच बाहेर येणार, मग पुढे वरात असो की भिंत असो. माणूस वाजवतो तेव्हा तो तुमच्याकडे पाहून वाजवतो. आमच्या गावात असे पाहून वाजवणारे पाच-सहा जण उरले आहेत, आणि पुढच्या दहा वर्षांत एकही उरणार नाही. हे नुकसान तुडतुड्याने केलेल्या नुकसानीइतकेच खरे आहे. फक्त त्याचा पंचनामा करायला तलाठी येत नाही.

आणि म्हणून साहेबांचा तो ‘उपयुक्त’ मला खुपतो. खेड्यातल्या माणसाला काय ऐकवावे हे ठरवणारे लोक आपल्या रेडिओत पहिल्यापासून आहेत. १९४० साली त्यांनी पेटीवर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडले. का, तर पेटी परकी आणि तिच्यातून मींड निघत नाही. त्या एकतीस वर्षांत आमच्या दंडारीतल्या पेटीवाल्याला ही बातमी कोणी कळवली नाही, म्हणून तो बिचारा वाजवीत राहिला. १९५२ च्या सुमारास मंत्री बाळकृष्ण केसकरांनी सिनेमाची गाणी रेडिओवरून हटवली. अख्खा देश उठून सिलोनला गेला, आणि त्याला परत आणण्यासाठी १९५७ साली विविध भारती काढावी लागली. दोन्ही वेळी हेतू उत्तम होता. उत्तम हेतूने ऐकणाऱ्याचा कान धरला की तो कान सोडवून घेऊन पळतो, एवढेच त्यातून शिकण्यासारखे.

शहरातल्या माणसाला कोणी विचारते का, की तुझ्या या गाण्याचा उपयोग काय? त्याला गाणे मिळते, आम्हाला माहिती मिळते. जणू चामोर्शीतला माणूस संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन ओट्यावर बसतो तो युरियाची मात्रा ऐकायलाच. अहो, त्याने दिवसभर तुडतुडे पाहिलेले असतात! रात्री पुन्हा तेच त्याच्या कानात कशाला सोडता?

बरे, मी मागितले तरी काय? कम्युनिटी रेडिओची परवानगी २००२ साली शिक्षणसंस्थांना मिळाली, २००६ साली इतर संस्थांनाही. ताकद शंभर वॅट. आमच्या न्हाणीघरात पूर्वी तेवढ्याच वॅटचा पिवळा बल्ब होता. त्याच्या उजेडात साबण सापडत नसे. हा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जाणार, म्हणजे मार्कंड्यापर्यंत. तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते तशी तीही परत फिरणार. एवढ्याशा आवाजाने कोणाची संस्कृती बुडेल असे मला वाटत नाही. आठवड्यात तीनशे छत्तीस अर्धे तास असतात. मी एक मागितला. उरलेले तीनशे पस्तीस तुडतुडा, खोडकिडा आणि भजनी मंडळ यांनी आपसांत वाटून घ्यावेत.

शिवाय नियमच असा आहे की, निम्मे कार्यक्रम तरी तिथल्याच लोकांचे हवेत. माझ्या अर्ध्या तासात पहिली पंधरा मिनिटे आर्मस्ट्राँग, दुसरी पंधरा मिनिटे आमचा मास्तर. हिशेब बरोबर निम्मा. मधे मी बोलेन, कोनोव्हरसारखा सावकाश. दात गेल्यापासून ते मला आपोआप जमते. पाच-दहा पोरांनी जरी ऐकले, आणि त्यातल्या एकाने जरी खुंटीवरचे कॉर्नेट उतरवून ‘मास्तर, हे कसं फुंकते जी?’ असे विचारले, तर माझे शंभर वॅट वसूल झाले.

हे सगळे मी साहेबांना चार पानी पत्रात लिहिले. तोवर रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर कार्यक्रम सुरू केला आहे. परवाना नाही, ट्रान्समीटर नाही. कक्षा समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, तीही गिरणी बंद असेल तर. आधी मोबाईलवर रेकॉर्ड, मग मास्तरचे कॉर्नेट. श्रोते सात. त्यात दोन बकऱ्या असल्या तरी त्या मधेच उठून जात नाहीत, हे शहरातल्या श्रोत्यांबद्दल सांगता येणार नाही. मागल्या रविवारी मास्तरचा मुलगा ट्रक लावून आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि बापाला म्हणाला, “बाबा, ते मघाचं पुन्हा वाजवा ना.” मास्तरने वाजवले. अर्थात पहिल्यासारखे नाही वाजवले.

काल साहेबांचे उत्तर आले. पत्र भावनिक असले तरी कार्यक्रमाचा शेतीशी संबंध दाखवता आल्यास विचार करू, असे त्यात आहे. मी आजच्या टपालाने सुधारित प्रस्ताव धाडला आहे. विषय लिहिला आहे : ‘धानपिकावरील तुडतुड्यांवर कॉर्नेटवादनाचा परिणाम — एक प्रयोग, दर रविवारी.’

सौभाग्यवतींनी तो वाचला आणि म्हणाल्या, “तुडतुड्यांचं माहीत नाही. पण जाच होणार हे नक्की.”